हरगिला कलकत्त्यातून कुठे गेला?

कलकत्ता महापालिकेच्या ब्रिटिशकालीन बोधचिन्हात ढालीच्या दोन्ही बाजूंना दोन पक्षी उभे आहेत. काठीसारखे लांब पाय, पाचरीसारखी जाड चोच आणि चोचीत साप. हे चिन्ह एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी तयार झालं. विचित्र गोष्ट अशी की शहराने या पक्ष्याला मानाची जागा दिली त्याच सुमारास तो शहरातून नाहीसा होत चालला होता. विसावं शतक उजाडलं आणि थोड्याच वर्षांत कलकत्त्याच्या छपरांवर तो उरला नाही.

का उरला नाही? याचं एक तयार उत्तर आहे आणि ते बऱ्याच ठिकाणी एका वाक्यात मिळतं: शहर स्वच्छ झालं, घाण खाणाऱ्या पक्ष्याचं खाणं संपलं, म्हणून तो गेला. हे वाक्य माझ्याही टिपणांत बरेच दिवस होतं. चूक म्हणावी असं त्यात काही नाही. पण ज्या कागदांवरून ते आलं आहे तेच कागद जरा सावकाश वाचले, तर प्रश्न दुसरीकडेच जातो. तुमच्यापैकी जे आता संशोधन आराखडा लिहायला बसले आहेत, त्यांच्यासाठी ही गोष्ट सांगतेय. तुमचा विषय पक्षी नसेल, हरकत नाही.

आधी पक्षी. इंग्रजांनी याला ॲडज्युटंट म्हटलं, कारण तो एखाद्या पलटणीतल्या अधिकाऱ्यासारखा ताठ मानेने, मोजून पावलं टाकत चालतो. बंगाली-आसामीत तो हरगिला. ‘हाड’ आणि ‘गिळणे’ हे दोन्ही शब्द आपल्याकडेही आहेत, त्यामुळे अर्थ वेगळा सांगायला नको. करकोच्यांच्या कुळातला हा सगळ्यात थोराड पक्ष्यांपैकी एक. भिगवणला उजनीच्या पाण्यात तुम्ही चित्रबलाक पाहिला असेल, त्याचा हा भाऊबंद. पण चित्रबलाकाचं देखणेपण याच्या वाट्याला आलेलं नाही. उभा राहिला की जवळजवळ पाच फूट. डोकं आणि मान उघडी, विरळ केसांची. गळ्याशी लोंबणारी नारिंगी-लाल पिशवी. पाय मुळात गडद, पण उन्हात अंग थंड ठेवायला तो स्वतःच्या पायांवरच विष्ठा सोडतो, म्हणून ते चुना फासल्यासारखे पांढरट दिसतात. कंठ फोडून ओरडणं त्याला जमत नाही. चोचीच्या दोन फाळ्या एकमेकींवर आपटून तो खडखडाट करतो.

खाणं म्हणाल तर मासे, बेडूक, साप, उंदीर, मेलेली जनावरं, खाटिकखान्याबाहेर टाकलेली हाडं. गिधाडांच्या पंगतीत तो बिनदिक्कत बसतो. आणि तरीही तो पाणथळीचाच पक्षी आहे. उथळ पाण्यात, चिखलात, ओसरणाऱ्या पुराच्या डबक्यांत मासे टिपण्यासाठीच ते लांब पाय आहेत. हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आता साधनांकडे येऊ. या पक्ष्याचं शास्त्रीय नाव आहे लेप्टोप्टिलॉस ड्युबियस. ड्युबियस म्हणजे संशयास्पद! नावातच संशय का, याची हकीकत मोठी बोधप्रद आहे. एडवर्ड आइव्ह्ज नावाचा एक आरमारी शल्यवैद्य १७५० च्या दशकात ॲडमिरल वॉटसनबरोबर हिंदुस्थानात आला. त्याचं प्रवासवर्णन १७७३ मध्ये छापलं गेलं. त्यात त्याने बंगालमधल्या या अवाढव्य पक्ष्याचं वर्णन केलं आणि पंखांचा विस्तार दिला जवळपास १५ फूट. प्रत्यक्षात तो आठ फुटांच्या आसपास असतो. जॉन लॅथम या इंग्रज पक्षिशास्त्रज्ञाने आइव्ह्जचं वर्णन आपल्या ग्रंथात घेतलं. लॅथमवरून जर्मन निसर्गशास्त्रज्ञ ग्मेलिनने १७८९ मध्ये पक्ष्याला लॅटिन नाव दिलं. म्हणजे नाव ठेवलं गेलं ते ऐकीव माहितीवर आलेल्या माहितीवर, आणि त्यात ‘संशयास्पद’ हा शब्द आला. नंतर पक्षी नीट अभ्यासला गेला, संशय फिटला, पण नाव तसंच राहिलं. तुम्ही आज एखाद्या पुस्तकातून आकडा उचलता तेव्हा तो आकडा कोणाकडून कोणाकडे आला ही साखळी एकदा मागे जाऊन तपासा, असं गाईड सांगतात ते याचसाठी. आइव्ह्जचे १५ फूट कितीतरी पुस्तकांत पुढे फिरत राहिले असतील, कोणी पट्टी घेऊन मोजायला गेलं नाही.

उलट बाजूचंही एक उदाहरण देते. गळ्याच्या त्या पिशवीत पक्षी अन्न साठवतो असा समज होता. दिसायला तशीच दिसते, त्यामुळे कोणालाही ते पटेल. १८२५ मध्ये डॉ. जॉन ॲडम यांनी एक पक्षी चिरून पाहिला, तर पिशवी दुपदरी आणि आत मुख्यतः हवा. तिचा अन्नमार्गाशी संबंधच नाही. एका माणसाने सुरी चालवली आणि प्रश्न मिटला.

कलकत्त्याबद्दल मात्र साधनांची अजिबात टंचाई नाही. राजधानीचं शहर, लिहिणारे-वाचणारे गोरे लोक, आणि घराच्या कठड्यावर उभा असलेला पाच फुटी टकला पक्षी. कोण लिहिणार नाही? जेम्स बेली फ्रेझरच्या १८२० च्या दशकातल्या कलकत्त्याच्या चित्रांमध्ये हे पक्षी इमारतींवर बसलेले दिसतात. फॅनी पार्क्सच्या प्रवासवर्णनात ते भेटतात. हा पक्षी शहराची घाण फुकटात उचलतो म्हणून त्याला मारणाऱ्याला ५० रुपये दंड होता, आणि त्या काळी ५० रुपये ही साधी रक्कम नव्हती. दंड असूनही टवाळ गोरे सोल्जर हाडात काडतूस भरून, वात पेटवून ते हाड पक्ष्यापुढे टाकत आणि तो गिळून फुटला की हसत. शेपटीखालच्या मऊ पिसांचा व्यापार होता. बंगालमधल्या कुमारखालीच्या नावावरून ती पिसं लंडनच्या बाजारात ‘कॉमरकॉली’ म्हणून विकली जात, आणि १८५१ च्या तिथल्या मोठ्या प्रदर्शनात त्या पिसांचे गळपट्टे मांडले होते. किपलिंगच्या दुसऱ्या ‘जंगल बुक’मध्ये (१८९५) एका कथेत हा पक्षी पात्र म्हणून येतो आणि कलकत्त्याला अमेरिकन जहाजातून आलेला बर्फाचा तुकडा गिळल्याची फजिती सांगतो. अमेरिकेहून कलकत्त्याला बर्फ यायचा हे खरं आहे. पहिलं जहाज १८३३ मध्ये आलं.

या साधनांत एक वाक्य वरचेवर भेटतं: हिंदू लोक मानतात की मेलेल्या ब्राह्मणांचे आत्मे या पक्ष्यांत वास करतात. इंग्रजी पुस्तकांत हे इतक्या सहजपणे येतं की आपणही सहज उतरवून घेतो. थांबा. ‘हिंदू मानतात’ म्हणजे कोण मानतं? घरचा खानसामा? घाटावरचा भटजी? की आधीच्या साहेबाचं पुस्तक? मी हे वाक्य ‘स्थानिक समजूत’ म्हणून नव्हे, तर ‘इंग्रज लेखकांनी नोंदवलेली स्थानिक समजूत’ म्हणून वापरते. शब्द दोन-तीनच वाढतात, पण व्हायव्हात ते आपल्याला वाचवतात.

तर एवढं सगळं साहित्य, आणि मग तो पक्षी गेला. आता त्या तयार उत्तराकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याचं रूप पालटलं, यात वाद नाही. १८५९ च्या सुमारास अभियंता विल्यम क्लार्कच्या योजनेप्रमाणे भुयारी गटारांचं काम सुरू झालं. पुढच्या दशकात पलट्याहून गाळलेलं पाणी आणायची व्यवस्था उभी राहिली. घाटांवरच्या दहनाला आणि नदीत प्रेतं टाकण्याला आळा घालण्यावरून सरकार आणि शहरातले लोक यांच्यात खटके उडाले. शहराबाहेर धापा इथे कचऱ्यासाठी जागा घेतली आणि तिथवर कचरा न्यायला रेल्वे टाकली. हे सगळं महापालिकेच्या अहवालांत आहे, आरोग्य खात्याच्या कागदांत आहे, वर्तमानपत्रांत आहे. स्वच्छता वाढली, पक्षी घटला. दोन रेघा एकाच कागदावर काढल्या की एक वर जाते, दुसरी खाली येते. कार्यकारणभाव तयार!

मला पहिली शंका आली ती धापामुळे. कचरा संपला कुठे होता? तो हलला होता. शहराच्या मध्यातून उचलून पूर्वेच्या खाऱ्या दलदलीच्या कडेला नेऊन टाकला गेला, म्हणजे पाणथळीच्या पक्ष्याच्या दारातच. कावळे आणि घारी तर शहर सोडून गेल्या नाहीत, आजही आहेत. नुसत्या खाण्याचाच प्रश्न असता तर हरगिला धापाला जाऊन उभा राहिला असता. या शंकेने काही सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. कावळ्याचं आणि हरगिल्याचं पोट सारखं नाही. पाच फुटी पक्ष्याला मोठे तुकडे लागतात, नदीकाठची मढी आणि खाटिकखान्याची हाडं लागतात. पण शंका एवढ्यासाठी उपयोगी पडली की मी तीच साधनं पुन्हा वाचायला घेतली. या वेळी पक्षी ‘काय’ करतो ते सोडून ‘कधी’ करतो ते टिपत गेले.

आणि तिथे ते होतं. कलकत्त्यातले हरगिले उन्हाळ्यातले आणि पावसाळ्यातले आहेत. पाऊस सरला की ते जातात. हिवाळ्यात शहरात ते नसतात. एकोणिसाव्या शतकातल्या पक्षिशास्त्रज्ञांनाही हे ठाऊक होतं आणि त्यांचं कोडं वेगळंच होतं: हे एवढे मोठे, एवढ्या संख्येने असणारे पक्षी अंडी घालतात कुठे? कलकत्त्याच्या प्रत्येक कठड्यावर दिसणाऱ्या पक्ष्याचं घरटं मात्र कलकत्त्यातल्या कोणी पाहिलेलं नव्हतं. सुंदरबनाच्या बाजूला कुठेतरी वीण होत असावी अशा गोष्टी कानावर येत, इतकंच.

उत्तर मिळालं ते ब्रह्मदेशात. ब्रह्मदेश म्हटलं की आपल्याला टिळकांचं मंडाले आठवतं, फार तर रत्नागिरीचा थिबा राजवाडा. ती दोन्ही नावं वरच्या ब्रह्मदेशाशी जोडलेली आहेत. आपली गोष्ट खालच्या भागातली, पेगू प्रांतातली. तो इंग्रजांनी १८५२ मध्येच घेतला होता. तिथे सार्वजनिक बांधकाम खात्यात युजीन ओट्स नावाचा अधिकारी होता, पक्ष्यांचा वेडा. त्या काळी हिंदुस्थानातल्या पक्षिवेड्यांचं जाळं ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूमभोवती विणलेलं होतं. हो, काँग्रेसच्या स्थापनेतले तेच ह्यूम. १८७७ मध्ये सित्तांग नदीच्या खोऱ्यात, श्वेजिनजवळ, ओट्सला विणीची जागा दिसली. पाण्यात उभ्या असलेल्या जंगलात उंच झाडांवर हरगिल्यांची आणि पेलिकन पक्ष्यांची घरटी, आणि ती वसाहत मैलोन्‌मैल पसरलेली. वीस मैलांचा पसारा आणि लाखोंच्या भाषेत सांगितलेली संख्या नोंदींत येते. आइव्ह्जच्या पट्टीचा अनुभव असल्यामुळे लाखांचा आकडा मी जसाच्या तसा घेत नाही, पण वसाहत प्रचंड होती हे नक्की. कलकत्त्याहून ही जागा सरळ रेषेत साधारण १००० किलोमीटर. हवेच्या ऊर्ध्वप्रवाहावर पंख पसरून तासन्‌तास तरंगणाऱ्या करकोच्याला हे अंतर अवघड नाही.

वीण हिवाळ्यातच का, तेही समजून घेऊ. पावसाळ्यात नदी पसरते, मासे शेतांत-जंगलांत शिरतात. पाऊस सरला की पाणी ओसरू लागतं आणि मासे डबक्यांत अडकतात. डबकी आटत जातात तसे मासे अधिकाधिक दाट होतात आणि लांब पायांच्या पक्ष्याला ताटात वाढल्यासारखे मिळतात. पिल्लांना भरवायचा काळ नेमका तेव्हा यावा लागतो. तीन-चार अंडी, महिन्याहून थोडा अधिक काळ उबवणी, आणि मग पिल्लू उडेपर्यंत चार-पाच महिने. इतके महिने रोज मासे आणायचे म्हणजे दोन गोष्टी लागतात: घरटं पेलणारं उंच, आडवं पसरलेलं झाड आणि जवळ ओसरणारं पाणी. कलकत्त्याचा उकिरडा यातलं काहीच देत नव्हता. तो विणीबाहेरच्या महिन्यांतला उदरनिर्वाह होता. शहर पक्ष्याला पोसत होतं, जन्माला घालत नव्हतं.

आता त्याच खालच्या ब्रह्मदेशात १८५२ नंतर काय झालं ते पाहा. इंग्रजी अमलाखाली तिथे भाताची लागवड झपाट्याने वाढली. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, युरोपचा बाजार जवळ आला, चेट्टियार सावकारांचं भांडवल आलं, वरच्या ब्रह्मदेशातून आणि हिंदुस्थानातून माणसं आली. १८५० च्या दशकात दहा लाख एकरांच्या आत असलेलं भातक्षेत्र १९३० च्या दशकापर्यंत ८० लाख एकरांच्या वर गेलं. पाणथळीतलं जंगल तोडून, पुराचं पाणी बांध घालून अडवून ही शेतं काढली गेली. म्हणजे हरगिल्याला लागणाऱ्या दोन्ही गोष्टी, झाड आणि ओसरता पूर, एकाच धोरणाने कमी झाल्या. सित्तांगची ती वसाहत १९३० च्या दशकात आक्रसत गेली आणि पुढे पुरती नाहीशी झाली.

इथे तुमच्यातला एखादा चाणाक्ष वाचक मला अडवेल. कलकत्त्यातून पक्षी गेले विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणि वसाहत मोडली तीसच्या दशकात. मग दुसऱ्या घटनेने पहिलीचं कारण कसं द्यायचं? हरकत बरोबर आहे आणि ती मी टाळत नाही. माझं म्हणणं एवढंच: हा पक्षी दीर्घायुषी आहे आणि त्याची वसाहत एका दिवसात मोडत नाही. झाडं आणि मासे कमी झाले की दरसाल पिल्लं कमी वाचतात, आणि असा ऱ्हास पहिल्यांदा दिसतो तो वसाहतीच्या मध्यात नाही, तर त्या पक्ष्यांच्या फिरतीच्या लांबच्या टोकांना. कलकत्ता हे असं टोक होतं. जोडीला तिथलं खाणंही कमी झालं असेल तर दोन्ही कारणं एकमेकांवर स्वार झाली. हे अनुमान आहे, पुरावा नाही. प्रबंधातही मी ते अनुमान म्हणूनच लिहिते. पण ‘स्वच्छता’ हे एकटं उत्तर आता मला पुरत नाही.

मग ते उत्तर एवढं टिकलं कसं? कारण ते जिथे कागद आहेत तिथून आलं आहे. कलकत्त्याच्या इतिहासकाराकडे महापालिकेचे अहवाल आहेत, चित्रं आहेत, मेमसाहेबांची पत्रं आहेत. त्यात पक्षी खाताना दिसतो, म्हणून त्याच्या जाण्याचं कारणही खाण्यातच शोधलं जातं. सित्तांगच्या झाडांखाली रोजनिशी लिहिणारं कोणी राहत नव्हतं. तिथले कागद आहेत ते जमीनबंदोबस्ताचे, जंगल खात्याचे, बांधांच्या खर्चाचे. त्यांत ‘हरगिला’ हा शब्द शोधलात तर हाती काही लागणार नाही. तिथे शोधायचं असतं ते तोडलेलं जंगल आणि अडवलेलं पाणी. आज आपण डिजिटल संग्रहात शोधशब्द टाकून बसतो, तेव्हा ही चूक आणखी सोपी झाली आहे. शोधशब्द तुम्हाला तिथेच नेतो जिथे कोणीतरी तो शब्द आधी लिहून ठेवलेला असतो.

(कागदांच्या नशिबाबद्दल एक छोटं विषयांतर. ह्यूम यांनी हिंदुस्थानातल्या पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहायला पंचवीसेक वर्षं सामग्री जमवली होती. १८८० च्या दशकात सिमल्याच्या त्यांच्या घरातून ती हस्तलिखितं नोकराने रद्दीत विकली. ते हिवाळा काढून परत आले तेव्हा कळलं. त्यानंतर त्यांचं पक्ष्यांवरून मनच उडालं. त्यांच्या घरट्यांवरच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती पुढे ओट्सनेच सिद्ध केली. तुमच्या प्रकरणांच्या तीन ठिकाणी प्रती ठेवा. एवढंच सांगते.)

हे सगळं दूरचं वाटत असेल तर मुंबईचं उदाहरण घ्या. शिवडीला, ठाण्याच्या खाडीत दर हिवाळ्यात फ्लेमिंगो येतात. फोटो निघतात, वर्तमानपत्रं छापतात, मोजण्या होतात. पन्नास वर्षांनी कोणी ‘मुंबईचे फ्लेमिंगो’ असा विषय घेतला तर त्याला किती साधनं मिळतील! पण आपल्या देशातली फ्लेमिंगोंची मोठी वीण कच्छच्या मोठ्या रणात होते. १९४५ मध्ये सालिम अलींनी तिथली ‘फ्लेमिंगो सिटी’ पाहून पाच लाखांच्या आसपास पक्ष्यांचा अंदाज दिला होता. रणात एखाद्या वर्षी पाणी किती साचलं, कुठे अडलं, हे शिवडीच्या फोटोत येत नाही. मुंबईच्या खाडीत पक्षी कमी झाले तर आपण खाडीचा चिखल तपासू आणि तिथेच काहीतरी कारण सापडेलही. चिखल तपासू नये असं मी म्हणत नाही. रणही तपासा.

जे उत्तर आपण स्वीकारतो त्याचे परिणाम असतात, ते फक्त प्रबंधापुरते राहत नाहीत. पक्षी स्वच्छतेमुळे गेला असं मानलं तर कोणालाच काही करायचं उरत नाही. घाण परत आणा, असं कोण म्हणेल? पक्ष्याचं जाणं ही प्रगतीची किंमत ठरते आणि फाईल बंद होते. झाडामुळे गेला असं मानलं तर मात्र झाड कोणाचं आहे, ते कोण तोडतंय आणि का, हे विचारावं लागतं.

आसामात हा प्रश्न प्रत्यक्ष विचारला गेला. हरगिल्याची जगातली बहुतेक वस्ती आज तिथे आहे; त्याशिवाय बिहारमध्ये भागलपूरच्या बाजूला, जिथे लोक त्याला गरुड म्हणतात, आणि कंबोडियात टोनले साप सरोवराच्या परिसरात. गुवाहाटीत दीपोर बीलच्या काठी बोरागावला शहराचा कचरा कित्येक वर्षं पडत होता आणि त्या ढिगांवर शेकड्यांनी हरगिले उभे असत. जुन्या कलकत्त्याचं चित्रच जणू. म्हणजे खाण्याची ददात नव्हती. तरीही हा पक्षी संकटग्रस्त होता, कारण घरटी होती कामरूप जिल्ह्यातल्या दादरा, पचरिया, शिंगिमारी अशा गावांत, लोकांच्या परसातल्या कदंबावर. घरट्यातून सडलेलं मांस, हाडं, विष्ठा अंगणात पडते, वास सुटतो. मालक कंटाळून झाड तोडतो. त्याला दोष तरी कसा द्यायचा?

पूर्णिमादेवी बर्मन २००७ मध्ये याच पक्ष्यावर पीएचडीचं काम करत होत्या. एका गावात त्यांच्यासमोर असंच एक झाड तोडलं गेलं आणि घरट्यांसकट नऊ पिल्लं खाली आली. त्यांनी झाडाच्या मालकाला जाब विचारला तेव्हा लोकांनी त्यांनाच सुनावलं, थट्टा केली. बर्मन यांनी प्रबंध बाजूला ठेवला आणि गावातल्या बायकांशी बोलायला सुरुवात केली. गरोदर बाईचं करतात तसं हरगिल्याचं डोहाळजेवण गावात होऊ लागलं, बायका गामोसे आणि साड्यांवर हरगिला विणू लागल्या. त्या गटाला ‘हरगिला आर्मी’ म्हणतात आणि त्यात आता दहा हजारांहून अधिक बायका आहेत. या तीन गावांतली घरटी २८ वरून २५० च्या पुढे गेली. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय लाल यादीत या पक्ष्याचा दर्जा ‘संकटग्रस्त’ वरून ‘संकटसमीप’ असा सुधारला. बर्मन यांची पीएचडी पूर्ण झाली २०१९ मध्ये. मुदतवाढीचे अर्ज भरून थकलेल्यांनी हे साल कुठेतरी लिहून ठेवायला हरकत नाही.

माझ्या टिपणांत आता एक तक्ता आहे, महिन्यांचा. एका रकान्यात कलकत्त्याच्या जुन्या नोंदी, दुसऱ्यात कामरूपच्या गावांतल्या आजच्या. हरगिले विणीसाठी गावांत येऊ लागतात ते सप्टेंबर-ऑक्टोबरात. कलकत्त्याच्या रकान्यात, बरोबर त्याच ओळीत, ते निघून गेल्याची नोंद आहे.